संगणक खेळांतील काळोख्या कथा : चाहते का दुखावतात?

भूमिकाप्रधान संगणक खेळांच्या कथा गेल्या काही दशकांत अधिकाधिक काळोख्या होत गेल्या आहेत. बेंगळुरूनजीकच्या आनेकल तालुक्यात, बोम्मसंद्र-जिगणीच्या औद्योगिक पट्ट्यात नोकरीनिमित्त राहणारा एखादा मराठी तरुण दिवसभराच्या कामानंतर घटकाभर शूर आणि सज्जन होण्यासाठी असा खेळ उघडतो. कथा त्याच्या हातून केवळ विध्वंस करवू लागली, तर त्याची निराशा स्वाभाविक आहे. मात्र तिचे कारण केवळ रक्तपात किंवा दुःखद शेवट एवढेच नाही.

या प्रकाराचा उगम १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या कागद-फाशांच्या खेळात आहे. कादंबरीचा वाचक घटनांचा साक्षीदार असतो. येथे मात्र खेळाडू स्वतःच कर्ता असतो. म्हणूनच कथेतील पापपुण्य त्याला स्वतःचे वाटते.

रिचर्ड गॅरियट यांनी १९८५ साली 'अल्टिमा ४' या खेळात याच जाणिवेवर सारी कथा उभारली. अखेरीस ठार करण्यासाठी त्यात कोणी खलनायक नव्हता. प्रामाणिकपणा, करुणा, नम्रता अशा आठ सद्गुणांची साधना करून 'अवतार' होणे, हेच उद्दिष्ट होते. अंध विक्रेत्याला कमी पैसे दिले, तर सद्गुणांचा ऱ्हास होत असे. 'अवतार' हा शब्दही आपल्याच परंपरेतून तेथे गेला होता.

याच मालिकेतील 'अल्टिमा ८' हा खेळ १९९४ साली आला आणि चाहत्यांना धक्का बसला. परक्या जगात हद्दपार झालेल्या अवताराला घरी परतण्यासाठी प्रेतविद्या शिकावी लागते, जलशक्तीला मुक्त करून तेथील रहिवाशांवर वादळे लोटावी लागतात. दुसरा मार्गच दिलेला नव्हता. सद्गुणांचा आदर्श घडवणाऱ्या खेळाडूंना ती आपल्या साधनेची थट्टा वाटली.

२०१२ साली 'मास इफेक्ट ३' या खेळाच्या शेवटावरूनही असाच क्षोभ उसळला. तीन भागांत घेतलेल्या निर्णयांना अखेरीस फारसा अर्थ उरत नाही, अशी तक्रार होती. चाहत्यांनी निषेध म्हणून आजारी मुलांसाठी ८० हजार डॉलरहून अधिक निधी जमवला. निर्माती संस्था बायोवेअरने त्याच वर्षी जूनमध्ये विस्तारित शेवट विनामूल्य दिला.

याउलट, पोलंडमध्ये तयार झालेला 'द विचर ३' (२०१५) हा खेळही काळोखाने भरलेला आहे, तरी तो कमालीचा लोकप्रिय ठरला. त्यात अनेकदा दोन वाइटांतून एक निवडावे लागते. पण निवड खेळाडूची असते आणि तिचे फळही त्यालाच भोगावे लागते.

मराठी वाचकाला हे नवे नाही. अश्वत्थाम्याच्या मृत्यूविषयी अर्धसत्य बोलताच युधिष्ठिराचा रथ जमिनीला टेकला, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. ती दुःखद आहे, पण मोह, निर्णय आणि त्याचे मोल या तिन्ही गोष्टी तिथे आहेत. खेळांच्या चाहत्याची मागणी याहून वेगळी नाही. काळोख असावा, परंतु त्यात दिवा लावायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याच हाती असावा.