मामाच्या कमरेचं होल्स्टर

बेल्ट, शूज, घड्याळ यांवर आपण पानंच्या पानं वाचतो. पण होल्स्टर? माझं ज्ञान शून्य होतं.

पेणचा माझा मामा जमिनीच्या व्यवहारात आहे. धमक्या आल्या, तसा त्याने अलिबागच्या कलेक्टर ऑफिसातून परवाना काढला आणि घेतली 'निर्भीक'. कानपूरच्या सरकारी कारखान्यातून २०१४ मध्ये आलेलं हे रिव्हॉल्व्हर, गाजावाजा बायकांसाठीचा. मामाने मात्र वजन बघितलं. जेमतेम अर्धा किलो! पण बॉस, पेण ते रोहा बाइकवर तेवढाच अर्धा किलो कमरेला सतत टोचतो.

पहिलं होल्स्टर नायलॉनचं, ढगळ. रोह्याला मामा बुटाची लेस बांधायला वाकला आणि 'निर्भीक' थेट फरशीवर. गोळी सुटली नाही, पण मी दोन मिनिटं बोललेच नाही. १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेता गोविंदाच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली होती, ते आठवलं.

दुसरं चामड्याचं. देखणं, घट्ट, पण कोकणातला जुलै! बुरशी, आतून ओल, गंजाची भीती.

आता तिसरं. साच्यातलं कडक प्लास्टिक, ट्रिगर पूर्ण झाकणारं, वर बटणाचा पट्टा. सोबत जाड बेल्ट, कारण अर्धं वजन तोच सांभाळतो (दुकानदार हे सांगत नाहीत). मामाने घरी गोळ्या काढून, होल्स्टर उलटं धरून झटकून बघितलं. पास!

वरून सैल शर्ट, पण तो स्टाइलसाठी नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार चारचौघांत हँडगन पूर्ण झाकलेलीच हवी.

मामी मात्र अजून मामाच्या बाइकवर मागे बसत नाही.