सिगारेट सोडणाऱ्याला साथ हवी

एखाद्या घरात कुणाची दारू सुटत नसेल, तर घरचे आज व्यसनमुक्ती केंद्राची चौकशी करतात. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हापासून दारूचं व्यसन हा उपचाराचा विषय आहे, हे आपण हळूहळू स्वीकारलं. सिगारेट-बिडी ओढणाऱ्याला मात्र अजून एकच सल्ला मिळतो : मनावर घे, सुटेल. हा सल्ला अपुरा आहे. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या निम्म्याहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांनी सोडण्याचा विचार असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे इच्छा आहेच. पण झुरक्यातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं, आणि ते थांबलं की चिडचिड, बेचैनी, झोपमोड सुरू होते. पहिले काही दिवस सर्वांत कठीण असतात. कसलीही मदत न घेता सोडणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकतात, ते शंभरात जेमतेम तीन ते पाच.

‘अनेकांनी स्वतःच सोडली की!’ असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण ज्यांची सुटली ते सांगतात, ज्यांची पुन्हा सुरू झाली ते गप्प राहतात. सिगारेट सोडण्यासाठी दिल्या जाणाऱ्या निकोटिनच्या च्युइंगमने एक व्यसन जाऊन दुसरं लागेल, ही भीतीही रास्त वाटते. मात्र कर्करोग आणि हृदयविकार यांना मुख्यतः धुरातली टार, कार्बन मोनॉक्साइड अशी द्रव्यं कारणीभूत असतात. च्युइंगममध्ये धूर नसतो, निकोटिन सावकाश मिळतं आणि मात्रा कमी करत ते बंद करता येतं. अशा उपचाराने यशाची शक्यता सुमारे दीडपट होते. जोडीला समुपदेशन असेल तर आणखी वाढते.

ही मदत महागडी नाही. २०१६ साली सुरू झालेल्या, तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक २०१८पासून सिगारेटच्या पाकिटावरच छापला जातो. च्युइंगम आणि गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावं. हृदयरोगी आणि गरोदर स्त्रियांनी तर विचारल्याशिवाय काहीच घेऊ नये. घरच्यांचं काम याहून सोपं, तरी मोलाचं आहे. पहिले काही आठवडे टोमणे आवरावेत, चिडचिड समजून घ्यावी आणि जेवणानंतर सिगारेट सोडणाऱ्याला टपरीकडे एकट्याला न सोडता सोबत फेरी मारावी. एखाद वेळी पाय घसरला, तर दोष देण्याऐवजी पुन्हा फोन लावून द्यावा. मदत मागणारा माणूस दुबळा नसतो. तो सोडण्याबाबत गंभीर असतो.