टाचेचे दुखणे आणि विश्रांतीचे मोल

पहाटे खाटेवरून उतरून पहिले पाऊल जमिनीवर टेकवावे आणि टाचेत कोणी खिळा ठोकल्यासारखी कळ यावी, हा अनुभव आम्ही दीड वर्ष घेतला. चार पावले चालल्यावर कळ निवत असे. पण थोडे बसून पुन्हा उठावे, तर ती हजरच! लिंबायतमधील मराठी शाळेत फळ्यापुढे उभे राहण्यात आमचा जन्म गेला. तेव्हा टाचेने अखेर तक्रार केली, यात तिची चूक म्हणवत नाही.

आमच्या वस्तीत हे दुखणे नवे नाही. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून सुरतेत आलेली आपली माणसे यंत्रमागावर बारा-बारा तास सिमेंटच्या जमिनीवर उभी असतात. घरोघरच्या गृहिणी फरशीवर अनवाणी वावरतात. ‘टाचेचे हाड वाढले’ हे निदान शेजारीच करून टाकतात आणि तापल्या विटेवर रुईचे पान ठेवून शेक घेण्याचा सल्लाही लगोलग मिळतो. आम्ही तो शेक घेतला. घटकाभर बरे वाटले, इतकेच.

खरा प्रकार डॉक्टरांनी समजावला. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायात एक चिवट पडदा असतो. धनुष्याची दोरी ताणून धरते, तशी पावलाची कमान तो सावरतो. टाचेशी तो जेथे जोडलेला असतो, तेथे वारंवार ताण पडून झीज होते आणि तीच दुखते. क्ष-किरण चित्रात दिसणारा हाडाचा काटा पुष्कळदा निरपराध असतो. असा काटा असूनही ज्यांना कधी वेदना झाली नाही, अशी माणसे कितीतरी आहेत.

म्हणूनच शस्त्रक्रिया हा पहिला उपाय नव्हे. दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण वर्षभरात शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. मऊ टाचेचे पादत्राण, वजनावर ताबा, पोटरीचे व्यायाम, हे उपाय साधे वाटले तरी कामाचे आहेत. अंथरुणातून उठण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, हाताने बोटे नडगीकडे ओढून दहा अंक मोजावेत, असे दहा वेळा आणि दिवसातून तीनदा करावे. या व्यायामाचा गुण २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आला होता. सुईने औषध घेतल्यास काही काळ आराम पडतो. मात्र ते वारंवार घेतल्याने पडदा फाटण्याचा धोका असतो.

आम्ही वर्षभर हे सारे केले. दुर्दैवाने आम्ही त्या उरलेल्या एकांत निघालो आणि शस्त्रक्रियेला संमती दिली. कमरेत सुई देऊन पाय बधिर केला गेला. टाचेच्या आतल्या अंगाला लहानसा छेद घेऊन पडद्याचा केवळ आतील भाग मोकळा करण्यात आला. सगळा पडदा कापला, तर कमान खचून पावलाच्या बाहेरील बाजूस नवेच दुखणे जडू शकते. अर्ध्या-पाऊण तासात आम्ही बाहेर आलो आणि मनात म्हटले, सुटलो!

पण खरी कसोटी पुढेच होती. दोन आठवड्यांनी टाके निघाले; तीन आठवडे त्या पायावर भार द्यायचा नव्हता. कुबड्या घेऊन दोन खोल्यांच्या घरात फिरताना आम्ही पाण्याच्या पेल्यासाठीही दुसऱ्यावर अवलंबून झालो. सौभाग्यवतींनी घर आणि आम्ही असे दोन्ही भार उचलले. सहाव्या आठवड्यात पूर्वीसारखीच कळ आली, तेव्हा सारे व्यर्थ गेले असे वाटून आम्ही रडकुंडीस आलो. डॉक्टर म्हणाले, “भरून येण्यास महिने लागतात, घाई करू नका.” तिसऱ्या महिन्यात आम्ही शाळेत परतलो, ते खुर्चीवर बसून शिकवण्याच्या अटीवर.

त्याच सुमारास एका विद्यार्थ्याचे वडील भेटीस आले. ते मागावर काम करतात. टाच त्यांचीही दुखत होती. “गुरुजी, हाड कापी टाकं म्हंजे आठ दिनमा कामवर जाता ई ना?” त्यांनी विचारले. आम्ही निरुत्तर झालो. आम्हांला पगारी रजा होती. त्यांचा खाडा म्हणजे चुलीवरचा खाडा.

त्यांना आम्ही जे सांगितले, तेच वाचकांना सांगतो. आधी व्यायाम आणि पादत्राण यांना निदान सहा महिने ते वर्षभर मनापासून संधी द्या. मागापुढे जाड रबराचा तुकडा अंथरा. शस्त्रक्रिया अटळच ठरली, तर तिच्या खर्चाबरोबर बिनकमाईच्या तीन महिन्यांचाही हिशेब मांडा. राज्य कामगार विमा योजनेत नाव असेल आणि वर्गणीची अट पुरी होत असेल, तर आजारपणात सरासरी वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षात ९१ दिवसांपर्यंत भत्ता मिळतो. आपले नाव तेथे आहे की नाही, हे पाय धड असतानाच विचारून ठेवावे.

आमच्या शस्त्रक्रियेला आता दहा महिने झाले. पहाटेचे पहिले पाऊल निर्वेध पडते. फार वेळ उभे राहिल्यास टाच मंदपणे आठवण देते. ते गृहस्थ शस्त्रक्रियेवाचून सावरत आहेत. पाळीवर निघण्यापूर्वी ते खाटेवर बसून बोटे ओढतात आणि शेजारी त्यांचा मुलगा मोठ्याने दहा अंक मोजतो.