इथे बैलही तोच, व्यापारीही तोच

धारा काढून झाल्या, जेवणे उरकली, की घरातली लहानथोर मंडळी टीव्हीपुढे बसतात. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री नऊ वाजता पुष्कळ घरांत ‘बिग बॉस मराठी’ चाले. तुम्हीही पाहिले असेल. नसेल पाहिले तर खेळ तसा सोपा आहे. पंधरा-सोळा माणसांना एका घरात कोंडायचे. बाहेर कोणाला काढावे याची नावे त्यांनीच सुचवायची, आणि राहावे कोणी हे तुम्ही-आम्ही मोबाइलवरून मते देऊन ठरवायचे. मूळ खेळ १९९९ साली हॉलंडात निघाला. हिंदीत तो २००६ साली आला, मराठीत २०१८ साली.

यात एक गोम आहे. तिथले कॅमेरे दिवसरात्र चालतात आणि आपल्याला दिसतो तो जेमतेम तासभर. जो मुकाट्याने भांडी घासतो, तो त्या तासात बसत नाही. जो भांडतो, रडतो, हसवतो, तोच दिसतो. आणि दिसतो त्यालाच मते. म्हणून आत शिरलेला प्रत्येक जण पहिल्या दिवसापासून स्वतःचाच दलाल होतो. बाजाराला नेताना आपण बैलाची शिंगे साळतो, रंगवतो, अंगावर झूल घालतो, तसेच हे. फक्त इथे बैलही तोच आणि व्यापारीही तोच! शिवाय गिऱ्हाइके दोन. घरातल्यांशी गोड राहिले तर ते आपले नाव सुचवत नाहीत; पण फार गोड राहिले की बाहेरचा बघणारा म्हणतो, ‘हा ढोंगी.’

इंग्लंडात २००० साली नेमके हेच झाले. निक बेटमन नावाचा मोठा गोडबोल्या गडी होता. तो चिठ्ठ्यांवर नावे लिहून, कोणाला काढायचे ते इतरांना गुपचूप सुचवी. घरातल्यांनी त्याला पकडले आणि त्याची हकालपट्टी झाली. जाब विचारण्यात पुढे होता क्रेग फिलिप्स, लिव्हरपूलचा एक बांधकाम करणारा. तोच पुढे जिंकला. बक्षिसाचे ७०,००० पौंड त्याने आपल्या आजारी मैत्रिणीच्या शस्त्रक्रियेसाठी जाहीर केले.

आता आपल्याकडे या. २०२४ चा विजेता सूरज चव्हाण, बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा. आईबाप लहानपणीच गेलेले, शिक्षण जेमतेम, नीट वाचताही येत नाही हे त्याने लपवले नाही. ६ ऑक्टोबरला त्याने १४ लाख ६० हजार रुपये जिंकले. दुसरा आला अभिजीत सावंत, २००५ सालचा पहिला ‘इंडियन आयडॉल’. म्हणजे एकदा मते मिळवून देशभर गाजलेल्या गायकालाही एकोणीस वर्षांनी पुन्हा मते मागायला उभे राहावे लागले.

सूरजचा साधेपणा खोटा होता असे मी म्हणत नाही. पण तोही त्या एका तासात निवडूनच दाखवलेला असतो, एवढे लक्षात असू द्या.

हे सांगायचे कारण, आपली पोरे. बांधावर मोबाइल उभा करून नाचणारी पोरे आज गावोगाव आहेत. त्यांना सूरज दिसतो. पण तो ज्या टिकटॉकवर नावारूपाला आला, ते सरकारने जून २०२० मध्ये बंद केले आणि कित्येकांची जमलेली गिऱ्हाइकी एका रात्रीत बसली. दुकान दुसऱ्याच्या जागेत होते ना! विजयानंतर सूरजला नायक करून ‘झापुक झुपूक’ हा सिनेमा एप्रिल २०२५ मध्ये आला. मते देणारे लाखो असले तरी तिकीट काढणारे तेवढे निघाले नाहीत. मत फुकट होते, तिकिटाला पैसे पडतात.

पोराला रागावून उपयोग नाही. महिन्याला हातात काय पडते, हे कागदावर मांडायला सांगा. डाळिंबाच्या फवारणीचा हिशेब मांडतो, तसाच हाही मांडता येतो.

त्याच शेवटच्या रात्री आणखी एक गोष्ट घडली. जान्हवी किल्लेकरने समोर आलेली ९ लाखांची बॅग उचलली आणि खेळ सोडला. आमच्या घरात यावरून दोन तट पडले. पोरे म्हणाली, हिने हार मानली. आजी मात्र टीव्हीकडे बघत म्हणाली, “नऊ लाखांत आपल्या विहिरीचं काम, पाइपलाइन आन् वर मोटरबी झाली असती.”