पडद्यावरचे ढग, आकाशातले ढग

४ एप्रिल १९७७ रोजी अमेरिकेत सदर्न एअरवेज या कंपनीचे डीसी-९ जातीचे विमान अटलांटाकडे जात असता वादळी ढगांत शिरले. गारा आणि पाणी यांच्या माऱ्याने त्याची दोन्ही इंजिने निकामी झाली. जॉर्जिया राज्यातील न्यू होप या वस्तीत एका रस्त्यावर विमान उतरविण्याचा वैमानिकांनी प्रयत्न केला, परंतु त्यात विमानातील ६३ आणि जमिनीवरील ९ माणसे प्राणास मुकली. या विमानात हवामानदर्शक रडार होते आणि वैमानिक ते पाहूनच मार्ग काढीत होते. वादळी प्रदेशातून वाट काढण्यासाठी या रडारवर विसंबून राहणे, हे अपघातास हातभार लावणाऱ्या कारणांपैकी एक म्हणून चौकशी मंडळाने नोंदविले.

रडार खोटे बोलले काय? तसे म्हणता येणार नाही. विमानाच्या नाकात मावेल एवढ्या लहान रडारला सुमारे ३ सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापराव्या लागतात. मुसळधार पावसात त्या शोषल्या जातात आणि पावसाच्या पडद्यामागे काय दडले आहे ते दिसेनासे होते. मग त्या ठिकाणी पडद्यावर उमटतो तो काळा रंग, म्हणजे मोकळ्या आकाशाचाच रंग. शिवाय कोरड्या गारा लहरी फार क्षीणपणे परतवितात. ‘काही नाही’ आणि ‘काही कळत नाही’ या दोन भिन्न गोष्टी एकाच रंगाने दाखविल्या, तर ते पाहणाऱ्या शहाण्या माणसाचीही फसगत व्हावयाचीच.

पुढे रंगीत पडदे आले. हिरवा म्हणजे हलका पाऊस, पिवळा मध्यम, तांबडा जोराचा, अशी सर्वसाधारण प्रथा रूढ झाली. तथापि जांभळट-गुलाबी रंगाचा अर्थ मात्र पडदा बनविणाऱ्यागणिक बदलतो. कोठे तो सर्वांत तीव्र पाऊस दाखवितो, तर कोठे हवेतील खळबळ. त्यातही मौज अशी की, बोइंगच्या विमानांत ठरलेल्या मार्गाची रेषाही याच रंगात काढतात. एअरबसच्या विमानांत ती हिरवी असते, आणि हलका पाऊसही हिरवाच! रेल्वेचा तांबडा सिग्नल मिरजेत एक आणि मनमाडला दुसरे सांगू लागला, तर आपण ते क्षणभर तरी चालवून घेऊ काय? अमेरिकेच्या नियमांनी तांबडा रंग तातडीच्या इशाऱ्यासाठी आणि पिवळा वा अंबर सावधगिरीसाठी राखून ठेवला आहे. अन्यत्र हे रंग बेताने वापरावेत, असेही बजावले आहे. मात्र हवामानाच्या चित्राला याच रंगांची सवय जडल्याने या नियमाची धार तेथे बोथट होते.

रंगांपेक्षाही गंभीर प्रश्न वेळेचा आहे. अमेरिकेत जमिनीवरील नेक्सरॅड रडारांची चित्रे एकत्र जोडून ती लहान विमानांच्या पडद्यावर पाठविली जातात. सोय उत्तम आहे, यात शंका नाही. पण चित्राशेजारी त्याचे वय म्हणून जो आकडा दिसतो, तो चित्र जोडून तयार झाल्यापासूनचा असतो, आकाश पाहिल्यापासूनचा नव्हे. प्रत्यक्ष निरीक्षण क्वचित त्याहून १५ ते २० मिनिटे जुने असू शकते, असा इशारा तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली दिला. टेनेसीतील एक रुग्णवाहक हेलिकॉप्टर आणि टेक्सासमधील एक लहान विमान अशा दोन प्राणघातक अपघातांचा दाखला त्यासोबत होता. ताशी २५० किलोमीटर वेगाने जाणारे विमान १५ मिनिटांत ६० किलोमीटरांहून अधिक अंतर तोडते. तेवढ्या वेळात वादळही स्वस्थ बसत नाही.

मंडळाने वैमानिकांना सावध केले, हे योग्यच झाले. परंतु दिशाभूल करणारा आकडा पडद्यावर तसाच ठेवायचा आणि तो खरा मानू नका, असे वैमानिकाला पढवायचे, हा उफराटा न्याय झाला. कचेरीत तीन दिवसांपूर्वीच्या टिपणीवर आजची तारीख घातली तर कारकुनाला जाब विचारतात. मग येथे जाब कोणी कोणाला विचारायचा? नियमांच्या काचाने संशोधन खुंटते, असा आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. रंगीत पडदा काही नियमातून जन्मला नव्हता. म्हणून नियम थोडेच असावेत, पण ते कडक असावेत. निरीक्षणाची खरी वेळ दाखवावी, ‘माहिती नाही’ यासाठी स्वतंत्र खूण असावी, आणि एका रंगाचा सर्वत्र एकच अर्थ असावा. टॅब्लेटवर हवामान पाहण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. विमानात कायमच्या बसविलेल्या उपकरणांना लागणारी कसोटी अशा सुट्या उपकरणांना लागत नाही, याचाही विचार झाला पाहिजे.

आपल्याकडील मोठी विमाने बहुतांशी याच दोन कारखानदारांची. त्यांचे रंग आणि त्यांच्या खुणा आपण विमानाबरोबरच पत्करतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने याबाबत स्वतःचे मत बनवून ते आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर मांडावयास हरकत नसावी. अर्थात पडदा सुधारला की सारे सुधारेल, असेही नाही. २१ मे २०२५ रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेले इंडिगोचे विमान पठाणकोटजवळ गारपिटीत सापडले. नाक फुटलेल्या अवस्थेत ते सुखरूप उतरले, हे सुदैवच. त्या वैमानिकांना वादळ दिसले होते. त्यांनी डावीकडे सरहद्दीच्या बाजूने वळसा घेण्याची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. लाहोरनेही आपल्या हद्दीत येऊ दिले नाही. तेथे प्रश्न रडारचा नव्हता.