मे महिन्याची ईद आणि चाऱ्याचा हिशेब

आपल्या समाजात कित्येक घरी मुख्य धंदा दुसराच असतो. कोणी विणकर, कोणी बागवान, कोणी खाटीक. पण दारात दोन-चार शेळ्या आणि ईदसाठी वाढवलेले पाच-दहा बोकड असतातच. वर्षभराची बचत म्हणजे हेच जनावर. त्यामुळे या जोडधंद्यात अलीकडे झालेला एक बदल नीट समजून घेणे जरूर आहे.

हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून ईदुल अज़हा दरवर्षी तेवढी अलीकडे येते. 2018, 2019 आणि 2020 साली ती ऑगस्टमध्ये होती. 2021 व 2022 साली जुलैमध्ये आली, 2025 साली जूनच्या पहिल्या आठवड्यात. 2026 पासून ती मे महिन्यात आणि 2029 च्या सुमारास एप्रिलमध्ये येते. सुमारे 33 वर्षांनी हे चक्र पूर्ण होते. 1994 आणि 1995 सालीही ईद मे महिन्यातच होती, हे जुन्या लोकांना आठवत असेल.

ऑगस्टच्या ईदला बोकड शेवटचे दोन महिने पावसाळी हिरव्या चाऱ्यावर फुकटात भरत असे. आता तेच शेवटचे तीन महिने कडक उन्हाळ्याचे आहेत. माळ करपलेला, पाणी दूर आणि चारा महाग. चांगल्या खुराकावर बोकड दिवसाला 50 ते 100 ग्रॅम वाढतो, म्हणजे तीन महिन्यांत साधारण पाच ते नऊ किलो. उपाशी राहिला तर असलेले वजनही उतरते. नफा-तोटा याच फरकात आहे. म्हणून मेच्या ईदची तयारी पावसाळ्यातच सुरू झाली पाहिजे.

पावसाळा : चरा, पण जपून

पहिल्या पावसाचे कोवळे गवत पाणीदार असते. उपाशी शेळ्या त्यावर तुटून पडल्या की पोटफुगी आणि आंत्रविषाराचा धोका असतो. आंत्रविषाराची लस पावसापूर्वी टोचून घ्यावी. सकाळी आधी थोडा वाळला चारा द्यावा आणि दव उतरल्यावरच चरायला सोडावे. ओल्या, आखूड गवतावर जंतांच्या अळ्या असतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी व नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताचे औषध पाजावे. ज्वारीचे कोवळे पोंगे किंवा कापणीनंतरचे फुटवे खाऊ देऊ नयेत. त्याने किराळ लागते आणि जनावर काही वेळातच दगावते.

पावसाळा संपताना : गवत कापा

पवना, मारवेल यांसारखे गवत फुलोऱ्यात असतानाच कापून वाळवावे. बी धरले की काडी राहते, कस जातो. कुसळी गवताला तर कुसळे येण्याआधीच विळा लावावा. नंतर ती तोंडात व कातडीत रुततात. वाळलेले गवत जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, छपराखाली रचावे. बुरशी आलेला चारा कधीही घालू नये.

खळ्यावरच खरेदी करा

व्यापाऱ्याचे डोके इथे लावावे. सोयाबीनचे भुसकट आणि भुईमुगाचा वाळलेला वेल दिवाळीच्या आसपास निघतो. तुरीचे भुसकट जानेवारी-फेब्रुवारीत, तर हरभऱ्याचे त्यानंतर. मळणी चालू असताना शेतकऱ्याला जागा मोकळी करायची घाई असते. तेव्हा भाव पडलेला असतो, एप्रिलमध्ये तोच चढतो. शेळीला कडब्यापेक्षा डाळींचे भुसकट जास्त मानवते, कारण त्यात प्रथिने अधिक असतात.

दहा बोकडांचा 90 दिवसांचा हिशेब असा धरावा. प्रत्येकी रोज एक किलो वाळला चारा म्हणजे 900 किलो. प्रत्येकी 300 ग्रॅम खुराक म्हणजे 270 किलो. शिवाय रोज एक-दोन किलो झाडपाला.

उन्हाळा : झाडपाला आणि खुराक

उन्हाळ्यात शेळीला झाडेच तारतात. बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ लावलेली असावी. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नये, नाहीतर केस गळतात. बाभळीच्या शेंगा पोरांकडून गोळा करून ठेवाव्यात.

खुराक घरीच तयार करता येतो. 100 किलोसाठी भरडलेला मका 50, शेंगदाणा किंवा सरकीची पेंड 25, गव्हाचा कोंडा 22, क्षार मिश्रण 2 आणि मीठ 1 किलो. सुरुवात 50 ग्रॅमने करून दोन आठवड्यांत वाढवत न्यावे. एकदम दाणा दिला की पोट आंबते. दुसरा धोका मुतखड्याचा. खस्सी केलेल्या बोकडाला भरपूर दाणा आणि कमी पाणी मिळाले की लघवी तुंबते, आणि ईदच्या तोंडावर लाखमोलाचे जनावर हातचे जाते. चारा बंद करू नये, पाणी सावलीत आणि सतत ठेवावे. बोकड जोर करताना दिसला की त्याच दिवशी डॉक्टर बोलवावा.

वय आणि सचोटी

कुर्बानीचा बोकड पूर्ण एक वर्षाचा आणि निर्दोष हवा. शेळी पाच महिन्यांनी विते. म्हणून मेच्या ईदसाठी आदल्या वर्षीच्या हिवाळ्यापर्यंत जन्मलेली करडे निवडावीत. ती ईदपर्यंत सव्वा-दीड वर्षाची होतात, वयाची शंका राहत नाही आणि अंगही भरते.

शेवटी एक गोष्ट. बाजाराच्या दिवशी मीठ चारून, पोटभर पाणी पाजून वजन वाढवण्याचे प्रकार चालतात. गिऱ्हाईक ते जनावर अल्लाहच्या नावाने कुर्बान करण्यासाठी घेत असतो. माप मारणाऱ्यांविषयी कुरआनात एक स्वतंत्र सूरत आहे, हे आपण विसरू नये. वजन चाऱ्याने वाढवावे, पाण्याने नव्हे. अशा कमाईत बरकत आहे, आणि तेच गिऱ्हाईक पुढच्या ईदला पुन्हा आपल्याच दारी येते.