शिडाच्या होडीचा यंत्रफलक

निलंग्यापासून समुद्र ३५० किलोमीटरांहूनही दूर आहे. तेथील मुलांनी तेरणेच्या किंवा मांजरेच्या पात्रात होडी पाहिली, तर तिच्या दोन्ही बाजूंस काठ असतो. मग वाट चुकण्याचे भय कसले? भर समुद्रात मात्र चोहोकडे पाणी आणि माथ्यावर आकाश, एवढेच दिसते. तेथे एकट्या नाविकाची सारी भिस्त समोरच्या यंत्रफलकावर असते. लहान होडीचे मालक हा फलक पुष्कळदा घरीच तयार करतात.

पाण्याने न उकलणाऱ्या प्लायवूडचा तुकडा घ्यावा, प्रथम पुठ्ठ्यावर प्रत्येक यंत्राची जागा आखावी, आणि सुकाणूपाशी बसून ती सर्व नीट दिसतात का, हे पडताळून मगच फळीस भोके पाडावीत. यंत्राच्या कडेस रबराचे कडे हवे, नाहीतर खारे पाणी आत शिरते. फळीला चकचकीत रंग देऊ नये. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते. रात्रीचा दिवा मंद व तांबडा असावा, म्हणजे अंधाराला सरावलेली दृष्टी बिघडत नाही.

खरी कसोटी होकायंत्राची. त्यातील सुई चुंबकाची, म्हणून लोखंड जवळ आले की ती उत्तर दिशा सोडून ढळते. ही चूक सहजी ध्यानात येत नाही. परंतु होडी पाच अंश चुकीच्या दिशेने १०० किलोमीटर गेली, तर ती ठरल्या जागेपासून जवळजवळ नऊ किलोमीटर दूर पोचते. आणि तेथे बंदराऐवजी खडकही असू शकतो! म्हणून होकायंत्राजवळ पितळी स्क्रूच वापरतात. विजेच्या तारेभोवतीही चुंबकत्व निर्माण होते. यासाठी जाणारी व येणारी तार एकमेकींभोवती पिळून घेतात, म्हणजे एकीचा परिणाम दुसरी नाहीसा करते. शेवटी दिवे लावून व मालवून पाहावे. सुई हलली, तर काम पुन्हा करावे. खिशात चाकू ठेवून होकायंत्रावर वाकणेही धोक्याचेच.

वेग मोजण्यासाठी पूर्वी गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडीत. दोन गाठींमधील अंतर सुमारे १४.४ मीटर असे. २८ सेकंदांत जितक्या गाठी हातातून सुटत, तितके सागरी मैल होडी तासाला जाई. आता होडीच्या बुडाशी फिरणारे छोटे चक्र हेच काम करते व आकडा फलकावर उमटतो.

फलकाशेजारी अचूक घड्याळही हवे. सूर्याची उंची सेक्स्टंटने मोजून आपली जागा ठरविताना घड्याळ चार सेकंद चुकले, तर विषुववृत्तापाशी ती जवळजवळ दोन किलोमीटर चुकते.

मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’ या सागवानी होडीतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश नाविक १४ जून १९६८ रोजी एकटाच पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. वाटेत त्याचा रेडिओ बिघडला. न्यूझीलंड मागे पडल्यावर तो जिवंत आहे की नाही, हेही कित्येक महिने कोणास कळेना. त्याला मात्र होकायंत्र, घड्याळ आणि सेक्स्टंट यांमुळे आपला ठावठिकाणा ठाऊक होता. २२ एप्रिल १९६९ रोजी, कोठेही न थांबता, तो इंग्लंडच्या ज्या फालमथ बंदरातून निघाला होता तेथेच परत आला.